सावलीचा फळा

मिहानच्या हँगरात पहाटे पावणेचारला
अवजारांच्या फळ्यावर एक जागा रिकामी राहिली.
काळ्या फोमात कोरलेली, आतून पिवळी.
दहा मिलिमीटरचा सॉकेट, अंगठ्याच्या पेराहून लहान,
आणि फळ्यावर फक्त त्याचा आकार.

डोंगरेसाहेब म्हणाले, विमान हलणार नाही.
एवढंच. आवाज चढवला नाही.
अकरा दिवसांची सी-चेक संपत आलेली,
पिटो नळीच्या टोपीला लाल फीत लोंबत होती,
पंख्याच्या झोतात जराशी हलत.

मी तेव्हा बारापात्रेच्या पोरीला शब्द सांगत होतो.
शिकाऊ, तीन आठवड्यांची. वहीच्या डाव्या पानावर इंग्रजी,
उजव्यावर आपलं.
फटीग, थकवा, असं लिहून म्हणाली,
"धातू थकतो म्हणजे, सर? मटकन बसतो का?"
बसला असता तर बरं होतं.
उभाच राहतो तो. दर उड्डाणाला फुगतो, दर उतरणीला आक्रसतो,
हजारदा, दहा हजारदा,
आणि एक दिवस रिवेटच्या कडेला केसाएवढी रेघ.
क्रीप म्हणजे ओझ्याखाली, उष्णतेत, हळूच लांबत जाणं,
परत न येणारं.
माझ्या बापाच्या पाठीचं तेच झालं, अजनीच्या लोको शेडमध्ये.
त्याला कोणी क्रीप म्हटलं नाही. वय झालं म्हणाले.
डेफर्ड डिफेक्ट, पुढे ढकललेला दोष,
रीतसर, यादीत, तारखेसह.
घरी आमच्याही आहेत चार-दोन.
तारीख तेवढी घालायची राहिली.

मग खिसे उलटे केले सगळ्यांनी.
गजभियेच्या खिशातून खर्र्याची पुडी निघाली,
तिच्याकडे कोणी बघितलं नाही.
टॉर्च घेऊन आम्ही विमानाच्या पोटात शिरलो.
मेच्या रात्रीही पत्रा कोमटच,
दिवसभराचं ऊन अंगात ठेवून असल्यासारखा.

आता हे कोणाला सांगितलेलं नाही.
इतवारीत असा सॉकेट साठ-सत्तर रुपयांत मिळतो.
जागा भरते. फळा पूर्ण दिसतो.
मी भरली होती एकदा,
दुसऱ्या गावी, दुसऱ्या कंपनीत, नवं लग्न झालेलं असताना.
सही केली. विमान गेलं.
अकरा महिने रोज सकाळी
पेपर आधी मागच्या पानापासून उघडायचो.
ते परत आलं तेव्हा मजल्याखालचं पॅनल मीच मागून घेतलं.
पडला होता तिथेच, कंट्रोल केबलपासून चार बोटांवर,
नव्यासारखा चकचकीत.
खिशात टाकला, पॅनल लावलं.
याला डाव्या पानावर शब्द नाही.
उजव्या पानावर आहेत, पण ते वहीत लिहिता येत नाहीत.

"मायाच हातून राह्यला, सर."
पोरगी डोंगरेंसमोर उभी. ओठ कोरडे, मान सरळ.
"डाव्या चाकाच्या खोबणीत क्लॅम्प आवळत होती मी.
तुम्ही चहाले बोलावलं."
आरसा आणि टॉर्च घेऊन तीच आत गेली.
आम्ही खाली, माना वर,
लग्नात अंतरपाटाकडे बघावं तसे.
पाच वाजून दहा मिनिटांनी आतून आवाज आला:
"हाय!"

डोंगरेंनी तो पुसला, नंबर वाचला, रजिस्टरात वेळ लिहिली,
आणि तिच्याच हातात दिला.
तिनं फोममध्ये दाबला. टक्.
रागावले नाहीत. उलट गजभियेलाच बोलले, खर्र्यावरून.

बाहेर वर्धा रोडकडून उजाडत होतं.
वही पुन्हा मांडीवर घेऊन तिनं विचारलं,
"सर, तुमचं कधी हरवलं काही?"
मी म्हटलं, लिही. पुढचा शब्द, लॉकवायर.
दोन बोल्टांना एकाच तारेनं बांधायचं, पीळ असा द्यायचा
की एक सैल व्हायला लागला
तर दुसरा आवळला जातो.

तांडापेठेतली पोरगी, आजा मागावर बसायचा तिचा.
पीळ तिला दाखवावा लागला नाही.
तिनं तार घेतली, वळली,
आणि माझ्याकडे बघत राहिली.